तांब्याच्या वायसरखाली २.७ फूट : डेव्हिल्स होलच्या पपफिशचं प्रकरण

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, डेथ व्हॅलीच्या पूर्वेला ॲश मेडोज नावाचा झऱ्यांचा पट्टा आहे. तिथल्या एका टेकडीच्या कुशीत जमिनीला मोठी भेग पडली आहे आणि तिच्यात, वरच्या जमिनीपासून सुमारे १५ मीटर खाली, पाणी आहे. हे डेव्हिल्स होल. आतल्या खडकाच्या भिंतीवर १९६२ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने तांब्याचा एक वायसर बसवला. पाणी या वायसरपासून किती फूट खाली आहे, ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं, एवढाच त्याचा उपयोग. पुढे याच आकड्यावर एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एका माशाचं जगणं-मरणंही त्यावरच ठरलं.

मासा म्हणजे डेव्हिल्स होल पपफिश, सायप्रिनोडॉन डायबोलिस. १९३० मध्ये जोसेफ वेल्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी जेमतेम २ ते २.५ सेंटिमीटर, आयुष्य साधारण वर्षभराचं. नर निळा चमकतो, मादी पिवळट-तपकिरी. इतर पपफिशांच्या अंगावर उभे पट्टे असतात, याच्या नसतात. पोटाखालची पंखांची जोडीही नाही. जगात याचं नैसर्गिक घर हे एकच. उत्तर अमेरिकेच्या किलिफिशांमध्ये पृष्ठभागालगत तोंड वर करून चरणारे टॉपमिनो, फ्लोरिडाचा फ्लॅगफिश आणि वाळवंटातले हे पपफिश असे बरेच गट येतात. नावातलं ‘किलि’ डच भाषेतल्या ‘किल’ म्हणजे ओढा या शब्दावरून आलं आहे, मारण्याशी त्याचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगायचं कारण पुढे येईल.

सगळा खेळ एका पायरीचा

डेव्हिल्स होल १३० मीटरपेक्षा खोल आहे आणि त्याचा तळ अजून कुणी पाहिलेला नाही. पाणी बारा महिने ३३ ते ३४ अंश सेल्सिअस, विरघळलेला प्राणवायू लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमच्या आसपास. घरच्या टाकीत प्राणवायू एवढा खाली गेला तर बहुतेक मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागतील. इथला मासा पिढ्यान्‌पिढ्या यातच जगतो.

पाणी एवढं खोल असलं तरी माशाला त्यातला वरचा भागच कामाचा आहे. प्रौढ मासे २५-३० मीटरपर्यंत खाली दिसतात. अंडी घालायची, शेवाळ खुडायचं, बारीक कीटक-गोगलगायी शोधायच्या, हे मात्र एका टोकाच्या उथळ खडकाळ पायरीवर चालतं. ही पायरी एखाद्या मध्यम खोलीएवढी आहे. ऊन पोचतं तेही तिथेच. उन्हाळ्यात दिवसाचे काही तास थेट सूर्यप्रकाश मिळतो, ऐन हिवाळ्यात अजिबात मिळत नाही. ऊन असेल तर शेवाळ वाढतं, शेवाळ असेल तर खाणं मिळतं, आणि अंड्यांना आसराही त्याच शेवाळात. घुबडांची विष्ठा आणि त्यांनी ओकलेल्या गोळ्या पाण्यात पडतात, तीही इथल्या अन्नसाखळीला खतासारखी लागते.

म्हणून पाण्याचं एकूण माप इथे फसवं आहे. भेगेतलं पाणी दोन-तीन फूट उतरलं तर एकूण साठ्यात फरकही कळणार नाही, पण पायरी कोरडी पडते. आणि पायरी कोरडी पडली की वर्षभर जगणाऱ्या माशाची एक अख्खी पिढी बुडते.

पंप सुरू झाले तेव्हा

१९६८ पर्यंत पातळी वायसरच्या १.२ फूट खाली होती, ऋतूमानाने थोडीफार हलायची तेवढीच. त्या वर्षी कॅपार्ट कुटुंबाच्या रँचवर, डेव्हिल्स होलपासून सुमारे चार किलोमीटरवर, सिंचनासाठी खोल विहिरींतून उपसा सुरू झाला. बारा हजार एकरांची जमीन, त्यातल्या चार हजारांवर बर्म्युडा गवत, लसूणघास, गहू आणि सातू, शिवाय सतराशे-अठराशे गुरं. ८० हून अधिक लोकांचा रोजगार त्यावर होता.

नोंदी सरळ बोलतात. १९६९ मध्ये पातळी वायसरच्या २.३ फूट खाली गेली, १९७० मध्ये ३.१७, १९७१ मध्ये ३.४८ आणि १९७२ मध्ये ३.९३ फूट. तीन फुटांच्या खाली पाणी गेलं की पायरीचा मोठा भाग उघडा पडतो. उपसा मार्च ते ऑक्टोबर चालायचा आणि अंडी घालण्याचा मुख्य हंगाम वसंतातच येतो. म्हणजे पायरीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच महिन्यांत पाणी ओढलं जात होतं.

शेजाऱ्याने खोल बोअर मारलं की आपल्या विहिरीचा तळ दिसायला लागतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. नेवाडात ते कोर्टात सिद्ध करावं लागलं. ॲश मेडोजखाली चुनखडीचा मोठा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा खडकाचा थर आहे आणि डेव्हिल्स होल ही त्याला पडलेली खिडकी. दूरच्या पंपाने जलधरातला दाब कमी झाला की खिडकीतलं पाणी उतरतं.

मधल्या काळात एक उपाय करून पाहिला गेला. पाण्यात खालच्या पातळीला कृत्रिम पायरी टांगून तिच्यावर दिवे लावले. कागदावर छान दिसतं. पण पायरी म्हणजे नुसती सपाट जागा नव्हे. ऊन, शेवाळ, गाळ, किडे आणि खडकाच्या सांदी मिळून ती बनते, आणि टांगलेल्या फळीवर यातलं दिव्यापुरतंच आणता येतं. त्यातून काही साधलं नाही.

ऑगस्ट १९७१ मध्ये केंद्र सरकारने दावा लावला. काही विहिरी बंद ठेवण्याची तडजोड झाली, पण पातळी पुन्हा घसरली तेव्हा खटला उभा राहिला. सरकारची बाजू १९५२ च्या एका घोषणेवर टेकलेली होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या वर्षी जानेवारीत डेव्हिल्स होलभोवतीची ४० एकर जमीन डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारकाला जोडली होती आणि घोषणेत इथल्या वाळवंटी माशांच्या वेगळ्या जातीचा उल्लेख होता. सरकारचं म्हणणं असं, की जमीन ज्या कारणासाठी राखली त्याला लागेल तेवढं पाणीही राखलं गेलं, आणि १९५२ चा हक्क १९६८ च्या उपशाच्या आधीचा. रँचवाल्यांचं उत्तर : हा सिद्धान्त नदी-नाल्यांच्या पाण्याचा, भूजलाला तो लावता येत नाही.

७ जून १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. सरन्यायाधीश बर्गर यांनी तो लिहिला. राखीव पाण्याचं संरक्षण नंतरच्या उपशापासून करता येतं, मग तो उपसा जमिनीवरून असो की जमिनीखालून. मात्र एक मर्यादा घातली. उद्देश पुरा व्हायला लागेल तेवढंच पाणी, त्याहून थेंबभर जास्त नाही. त्यामुळे तत्त्वाचं भांडण संपलं आणि फुटांचं उरलं. जिल्हा न्यायालयाने १९७३ मध्ये ३.० फूट ही मर्यादा घातली होती. १९७७ अखेरच्या आदेशात ती २.७ फूट झाली : पाणी वायसरच्या २.७ फुटांपेक्षा खाली जाता कामा नये. तीन दशांश फूट म्हणजे नऊ सेंटिमीटर. उतरत्या पायरीवर तेवढ्याने बरंच क्षेत्र पाण्याखाली येतं.

त्या वर्षांत तिकडच्या गाड्यांच्या बंपरवर ‘सेव्ह द पपफिश’ आणि ‘किल द पपफिश’ असे दोन्ही स्टिकर दिसायचे. किलिफिशावरचा इतका स्वस्त विनोद कुणाला सुचणारच होता. पण दुसऱ्या स्टिकरमागचा राग खोटा नव्हता, ८० घरांच्या चुली त्या उपशावर होत्या. नंतर याच जमिनीवर मोठं गाव वसवायचा बेत झाला. तोही टळला : १९८४ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंरक्षण संस्थेने जमीन घेतली आणि त्याच वर्षी ॲश मेडोज राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झालं. पाणी हळूहळू चढलं, पण १९६८ पूर्वीच्या १.२ फुटांवर काही परतलं नाही.

पाणी वाचलं, मग मासा का घटला?

बहुतेक लेखांत हे प्रकरण १९७६ ला संपतं. आमच्या मते खरं प्रकरण तिथून पुढचं आहे.

१९७२ पासून मोजणी होते. स्कूबा लावलेले पाणबुडे सुमारे ३० मीटरपर्यंत उतरून भिंतीलगतचे मासे मोजत वर येतात, त्याच वेळी पायरीवरचे मासे वरून मोजले जातात. वर्षातून दोनदा : वसंतात, जेव्हा संख्या सर्वांत कमी असते, आणि शरदात, उन्हाळी पिढी मोठी झाल्यावर. दोन आकड्यांची सरमिसळ करू नये. वसंतातले २०० आणि शरदातले ४५० हे एकाच तब्येतीचं लक्षण असू शकतं.

बराच काळ आकडे साधारण तसेच राहिले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते उतरायला लागले, पाण्याची पातळी आदेशाच्या आत असूनही. सप्टेंबर २००४ मध्ये अचानक पूर आला आणि अभ्यासासाठी काठावर ठेवलेले पिल्लं पकडायचे सापळे वाहून पाण्यात पडले. त्यांत अडकून ८० च्या आसपास मासे मेले. संरक्षणासाठी आणलेल्या सामानानेच हा घाव घातला. तेव्हापासूनचा धडा साधा आहे : काम संपलं की सामान पुराच्या वाटेबाहेर न्यायचं, एक दोरीसुद्धा मागे ठेवायची नाही. एप्रिल २००६ मध्ये मोजणी ३८ वर आली, २०१३ च्या वसंतात ३५ वर.

कारण एक नव्हतं. शेवाळाचा प्रकार बदलला होता, खाणं कमी पडत होतं. त्यावर पूरक खाद्य द्यायला सुरुवात झाली, पण तिथेही हात आखडता ठेवावा लागतो. ३३ अंशांच्या पाण्यात उरलेलं खाद्य झपाट्याने कुजतं आणि कुजताना आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू खाऊन टाकतं. त्यात जवळच्या नात्यातली पैदास. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या माशांच्या जनुकसंचाचा सरासरी ५८ टक्के भाग दोन्ही प्रतींत सारखाच निघाला.

पोटाखालचे पंख नसण्यालाही ही उपासमार कारण असावी. जवळच्याच अमारगोसा पपफिशची पिल्लं प्रयोगशाळेत कमी खाद्यावर आणि जास्त तापमानात वाढवली, तर त्यांचेही ते पंख खुंटले. तेव्हा हे वैशिष्ट्य रक्तात किती आणि ताटात किती, हा प्रश्न उघडाच आहे.

आधीच्या राखीव टाक्यांचं काय झालं

दुसरीकडे एक साठा ठेवावा, ही सूचना जुनी. हूवर धरणाखाली १९७२ मध्ये पहिलं आश्रयस्थान बांधलं, पुढे ॲश मेडोजमध्ये आणखी दोन. तिन्ही शेवटी गेली, पण ज्या तऱ्हेने गेली ते बघण्यासारखं आहे. थंड, खाद्य जास्त असलेल्या पाण्यात मासे अंगाने मोठे आणि पोटाने खोल झाले, आकार मूळ माशाहून वेगळा पडला. एका टाकीत शेजारच्या झऱ्यातले मोजके ॲश मेडोज पपफिश शिरले आणि सगळा साठा संकरित झाला. भरीला पाणीपुरवठ्याचे यांत्रिक बिघाड. २००६ मध्ये काही प्रौढ मासे बाहेरच्या काचेच्या टाक्यांत नेऊन पाहिले, त्यांचा वंश टिकला नाही.

परक्या माशांचा उपद्रव ॲश मेडोजला नवा नाही. डास खायला म्हणून आणलेले गॅम्बुझिया तिथल्या झऱ्यांत पसरले आणि स्थानिक माशांच्या पिल्लांवर तुटून पडले. आपल्याकडे पालिका डबक्यांत गप्पी मासे सोडते, ते याच कुळातले. कोकणातल्या ओढ्यांत डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा ॲप्लोकायलस हा आपला देशी किलिफिश आधीपासून डासांच्या अळ्या खात असताना गप्पी कशाला, हे विचारायची वेळ आपल्यावरही आहे.

घरी टॉपमिनोची पैदास करणाऱ्याला वाटेल, एवढा खटाटोप कशाला? त्याची रीत सोपी असते. ॲक्रिलिक लोकरीचा झुपका टाकीत टांगायचा, मादी त्यात रोज थोडी थोडी अंडी चिकटवते. टणक अंडी चिमटीने उचलून दोन-तीन सेंटिमीटर पाण्याच्या पसरट डब्यात ठेवायची, पांढरी पडलेली रोज काढायची, दोन आठवड्यांत पिल्लं, मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची ताजी पिल्लं खायला. ही रीत चालते कारण जोडी आपल्या ताब्यात असते आणि वीस अंडी वाया गेली तरी उद्या वीस मिळतात. इथे जगात एकूण ३५ प्रौढ होते. त्यांतली जोडी उचलून आणणं म्हणजे मुद्दलालाच हात घालणं.

अंडी उचलायची, मासे नाहीत

म्हणून हिशेब उलटा केला. हिवाळ्यात ऊन नसतं, खाणं नसतं, त्या महिन्यांत घातलेल्या अंड्यांतून डेव्हिल्स होलमध्ये जवळपास काहीच जगत नाही. तेव्हा त्या अंड्यांना हात लावला तर मूळ साठ्याचं फारसं बिघडत नाही. पायरीवर गालिच्याच्या तुकड्यांसारखे मॅट ठेवायचे, ठरल्या वेळाने उचलायचे, भिंगाखाली अंडी शोधायची आणि टाकीकडे न्यायची.

ही टाकी ॲश मेडोज फिश कन्झर्व्हेशन फॅसिलिटीत आहे : सुमारे १ लाख गॅलन, म्हणजे ३ लाख ७८ हजार लिटर, खोली २२ फूट, आणि आत डेव्हिल्स होलच्या पायरीची हुबेहूब नक्कल. पाण्याबाबत मात्र मुद्दाम नक्कल टाळली. तापमान थोडं कमी आणि प्राणवायू जास्त ठेवला. आम्हाला हा निर्णय बरोबर वाटतो. डेव्हिल्स होल हा माशाच्या सोसण्याचा कडेलोट आहे, आणि कडेलोटावर विम्याचा साठा ठेवण्यात शहाणपण नाही. उलट फार आराम दिला तर हूवर धरणासारखे पोटाळ मासे होतात. मधली वाट नेमकी कुठे, ते दर पिढीला मापं घेऊनच ठरवावं लागतं.

तरीही सुरुवातीला टाकीतली अंडी टिकेनात. मासे धडधाकट, मॅटवर अंडी दिसतात, पिल्लं दिसत नाहीत. असं झालं की शेवाळ, बुरशी, पाण्याचे आकडे हे सगळं तपासलं जातं. चोर निघाला निओपोरस जातीचा एक छोटा पाणकिडा, चिलगोज्याच्या दाण्याएवढा. तो डेव्हिल्स होलमधलाच रहिवासी, टाकीत येऊन फोफावला होता आणि अंडी व नुकती फुटलेली पिल्लं फस्त करत होता. इतकी वर्षं मूळ जागी त्याच्याकडे कुणी भक्षक म्हणून पाहिलं नव्हतं. पुढे दोन गोष्टी केल्या : किडे कमी ठेवायला सापळे, आणि मॅटवरची काही अंडी नियमित उचलून वेगळ्या खोलीत, छोट्या टाक्यांत वाढवणं. किडा मुळापासून घालवायचा आग्रह धरला नाही. टाकीत शेवाळापासून किड्यांपर्यंत सगळी साखळी चालवायची असेल तर विषारी औषध टाकता येत नाही.

भूकंप, कुंपण आणि ताजे आकडे

डेव्हिल्स होलचं पाणी दूरच्या भूकंपाने डचमळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मेक्सिकोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि २२ मिनिटांत इथे चार फुटांपर्यंत लाटा उठल्या. अशी लाट पायरीवरचं शेवाळ, अंडी, गाळ सगळं खरवडून खोल नेते. त्या हंगामाचं खाणं जातं. पण प्राणवायू खाणारा कुजका गाळही जातो, आणि नंतर नवं शेवाळ स्वच्छ खडकावर धरतं. तेव्हा भूकंप वाईटच असं म्हणता येत नाही, तो कोणत्या महिन्यात येतो यावर सगळं आहे. आधीच थंडीने उपाशी असलेल्या साठ्यावर आला तर सावरायला पायरीवर काही उरत नाही.

माणसांचा त्रास वेगळाच. एप्रिल २०१६ मध्ये तिघे दारूच्या नशेत कुंपण ओलांडून आत शिरले, एक जण कपडे काढून पाण्यात उतरला आणि पायरीवर चालला. एक पपफिश मेलेला सापडला. कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं, पाण्यात उतरलेल्याला वर्षभराची कैद झाली. हे सगळं वसंतात, अंड्यांच्या हंगामात, त्याच पायरीवर घडलं.

त्यानंतरची चढण चांगली होती. वसंताच्या मोजणीत २०१९ मध्ये १३६, २०२२ मध्ये १७५, २०२४ मध्ये १९१, म्हणजे २५ वर्षांतला सर्वाधिक आकडा. २०२४ च्या शरदात २१२. मग डिसेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन भूकंपांच्या लाटांनी पायरी पाठोपाठ धुऊन नेली, तीही ऊन नसलेल्या महिन्यांत. २०२५ च्या वसंतात मोजले तेव्हा मासे उरले होते ३८.

या वेळी टाकीत साठा होता. तिथे वाढवलेले १९ मासे डेव्हिल्स होलमध्ये सोडले आणि पूरक खाद्य वाढवलं. आकडा लहान वाटेल, पण त्याला तीन बाजूंनी मर्यादा आहे. टाकी रिकामी करून चालत नाही. लाटांनी धुतलेल्या पायरीवर शेवाळ पुरतं धरेपर्यंत जास्त तोंडं आणली तर आधीच्या ३८ चाच घास कमी होतो. आणि टाकीतल्या जास्त प्राणवायूच्या, थोड्या थंड पाण्यातला मासा ३३ अंशांत उतरवताना तापमानाची सवय टप्प्याटप्प्याने करून द्यावी लागते.